दहा बुधले गोड स्टाऊट

केवॉनी, विस्कॉन्सिन
शनिवार, १६ जानेवारी १९९३
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

प्रिय कर्टिस,

हे लिहितोय तेव्हा शेगडीवर आईच्या मोठ्या पातेल्यात पाणी तापतंय. आत्ता १४१ अंश फॅरनहाइट आहे. १६५ झालं की दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, त्यात टाकायचं, म्हणून दर चार ओळींनी उठून थर्मामीटर बघतो. बाहेर उणे नऊ आहे. आई झोपली आहे, तिला या वासाने मळमळतं, म्हणून ती उठायच्या आत उकळ काढायची आहे.

तुझं पत्र आणि आतले चाळीस डॉलर मिळाले. २४ एप्रिलच्या लग्नासाठी दहा गॅलन म्हणजे दोन घाणे होतील. एक आज, एक उद्या. तू गोड आणि काळी बीअर हवी असं लिहिलंस, म्हणून दुधाची साखर घातलेली स्टाऊट करतोय. यीस्टला दुधाची साखर खाता येत नाही. बाकीची सगळी साखर ते खाऊन टाकतं, ही मात्र तशीच राहते आणि बीअरला गोडवा राहतो. आमच्या चीज कारखान्यात ही साखर पोत्यांनी निघते. कामगारांना पन्नास सेंट पौंड.

वरून काय घालायचं ते अजून ठरवलं नाही. कोको, व्हॅनिला किंवा कॉफी. तिन्ही एकदम घातलं तर कशाचीच चव लागत नाही. मुलीकडच्यांना काय आवडतं ते विचारून कळव.

एक विचारायचं होतं. आठवीत असताना अल्गोमाच्या धक्क्यावर आपण ठरवलं होतं की तुझ्या लग्नात 'बेस्ट मॅन' म्हणून तुझ्या शेजारी मी उभं राहायचं, माझ्या लग्नात तू. माझं काही दिसत नाही, पण तुझं आलं. सूट काळा की करडा? ग्रीन बेच्या दुकानात भाड्याने मिळतो, पण सहा आठवडे आधी माप द्यावं लागतं. मी कुणाकडे फारसं काही मागत नाही हे तुला माहीत आहे. ही एक गोष्ट मात्र मला हवी आहे.

१६३ झालं. थांबतो.

तुझा,
लाईल स्टोडोला


मिलवॉकी
२५ जानेवारी

मास्तर,

अकरावीत शाळा सोडलेल्या माणसाने इतकं शुद्ध लिहू नये रे, लोकांना संशय येतो. अजून डिक्शनरी मांडीवर घेऊनच पत्र लिहितोस ना? मला दिसतंय इथून.

आता नीट वाच. फोन करायचा नाही. मी ब्रांडलच्या फर्निचरच्या दुकानावरच राहतो आणि फोन त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. बोललेलं सगळं घर ऐकतं. आणि आपलं हे प्रकरण त्यांनी ऐकायचं नाहीये.

झालं काय, माझ्या लॉर्नाच्या बापाचा, म्हणजे म्हातारबाचा, आजा बीअरच्या कारखान्यात, ब्रुअरीत होता. पहिल्याच रविवारी जेवताना त्याने मला विचारलं, "पोरा, तुला हाताने काय करता येतं?" आता मी काय सांगणार? सोफे विकता येतात? सोफे त्याचेच. तोंडातून निघून गेलं, "मी बीअर करतो, मिस्टर ब्रांडल." बास. माणूस उठून माझ्या बाजूला येऊन बसला. लॉर्नाकडे बघून म्हणाला, "हा चालेल." त्याआधी तीन महिने मला 'तो विक्या' म्हणायचा, आता नावाने हाक मारतो.

तेव्हा बीअर माझी. तू केलीस हे तुला, मला आणि तुझ्या आईच्या पातेल्याला माहीत. तुला काय फरक पडतो? तिकडे केवॉनीत तुला कोण हार घालणार आहे? अंगाला चीजच्या पाण्याचा वास येतोय तोवर पोरी फिरकणार नाहीत, बीअर केलीस काय न् नाही काय.

चव: म्हातारबाला चॉकलेट, लॉर्नाला व्हॅनिला. सूटचं नंतर.

कर्टिस


केवॉनी
सोमवार, २२ फेब्रुवारी १९९३
रात्रपाळीहून आलो, सकाळचे सात वीस

प्रिय कर्टिस,

बीअर तू केलीस असं त्यांना वाटलं तर माझी हरकत नाही. मी चार दिवस विचार केला आणि हरकत नाही असं ठरवलं.

पहिला घाणा सतरा दिवसांत शांत झाला, दुसरा एकोणीस. बीअरमध्ये तरंगणारी मापनळी तीन दिवस एकाच रेघेवर आहे, म्हणजे यीस्टने खाण्यासारखं काही उरलेलं नाही. भाजलेल्या कोकोच्या बिया कुटून आणि व्हॅनिलाच्या सहा शेंगा चिरून अर्धी बाटली बर्बन व्हिस्कीमध्ये आठ दिवस भिजत ठेवल्या आणि मग दोन्ही घाण्यांत सारख्या मापाने घातल्या. पहिल्या दिवशी बर्बनच लागत होती. काल चाखली तेव्हा आधी कोको आला, गिळल्यावर व्हॅनिला. कॉफी मुद्दाम टाळली. माझ्या मते ही मी केलेली सगळ्यांत चांगली आहे. मी असं सहसा लिहीत नाही.

आता सफरचंदाच्या रसाच्या गॅलनच्या दहा काचेच्या बुधल्यांत भरतोय. प्रत्येकात साखर अगदी मोजून, थोडा फेस येईल इतकीच. ६ मार्चला शनिवार आहे, ट्रक घेऊन ये. आई शनिवारी कोलाच, तिच्या माहेरचे ते गोड पाव, करते, तुझ्यासाठी खसखशीचे ठेवायला सांगतो.

सूटचं तेवढं कळव. ६ मार्चला सांगितलंस तरी चालेल, त्या दिवशी बरोबर सात आठवडे उरतात.

लाईल


मिलवॉकी
११ मार्च

मास्तर,

अरे काय बीअर आहे! परवा रात्री पहिला बुधला फोडला. म्हातारबाने घोट घेतला, डोळे मिटले, मला वाटलं आटपला. मग माझ्या पाठीत असा धपका घातला की माझाच घोट नाकात गेला. "माझ्या आज्याच्या हातची आठवण झाली," म्हणाला. रडायचाच बाकी होता. मी आपला मान खाली घालून, 'छे छे, त्यात काय' वगैरे. मी अभिनयात गेलो असतो ना, तर सोफे विकावे लागले नसते.

६ तारखेला बुधले न्यायला आलो तेव्हा घाईत होतो म्हणून बोललो नाही. तू दारात उभा राहून काहीतरी विचारायच्या तयारीत होतास ते मी पाहिलं होतं, म्हणून तर ट्रक सुरूच ठेवला होता. आता सांगून टाकतो. शेजारी ग्लेन उभा राहणार. म्हातारबाचा पुतण्या, दुकानात पुढे तोच माझ्या बरोबरीने असणार आहे. तिथे केवॉनीचा कुणी उभा केला तर फोटोत कसं दिसेल, तूच सांग. आणि खरं सांगू? तुला नाहीतरी लोकांसमोर उभं राहिलं की घाम फुटतो. मी तुला वाचवतोय. पण तुझ्यासाठी काम ठेवलंय, एकदम तुझ्या लायकीचं. एप्रन लावून बीअर वाढायची. बीअरवर डोळा ठेवायला जाणकार कुणीतरी हवंच.

आता कामाचं. बुधले तळघरात बॉयलरच्या शेजारी ठेवलेत, दुसरी जागा नाही, चालेल ना? तळाशी गाळ बसलाय, हलवून घ्यायचं की तसंच? ओतताना बुधला कसा धरायचा? उरलेल्या नवांत किती ग्लास होतील, माणसं एकशे दहा आहेत. म्हातारबाने कसं केलंस विचारलं तर फेकायला दोन-तीन जड शब्द दे.

आणखी एक लफडं. लॉर्नाला दूध चालत नाही. अर्धा ग्लास प्यायली आणि रात्रभर न्हाणीघरात. मी सांगितलं उत्साहाने प्यायलीस म्हणून. पण लग्नात नवरीला आपली बीअर पिता आली नाही तर म्हातारबाचं तोंड बघवणार नाही. औषधाच्या दुकानात थेंब मिळतात, दुधात टाकले की दुधाच्या साखरेचे दोन तुकडे होतात आणि मग बाधत नाही. ते सगळ्या बुधल्यांत टाकून झाकणं घट्ट लावून ठेवतो. इथल्या बीअर करायच्या सामानाच्या दुकानात विचारता येत नाही, तो दुकानदार म्हातारबाबरोबर पत्ते खेळतो. यात काही धोका असेल तरच लिही. तू काही लिहिलं नाहीस तर मी ठीक आहे समजून टाकतो.

आणि लग्नाच्या दिवशी तू किती वाजता पोचशील? मागच्या दाराने ये.

कर्टिस


केवॉनी
सोमवार, १५ मार्च १९९३
दुपारचे चार, अंगणातला बर्फ काढून आलो

प्रिय कर्टिस,

तुझं पत्र मिळालं. ग्लेनबद्दल समजलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं:

१. बॉयलरशेजारी चालेल. फेस यायला ऊब लागतेच. जागा बदलू नकोस.

२. गाळ हलवायचा नाही. ते यीस्ट आहे, तळाशीच राहू दे.

३. ओतताना बुधला तिरपा धरायचा आणि एकदाच धरायचा. मध्ये सरळ केला की गाळ वर येतो. शेवटचे दोन इंच सोडून द्यायचे.

४. आठ औंसाचे ग्लास धरले तर गाळ सोडून सव्वाशेच्या वर होतात. एकशे दहा माणसांना एकेक आरामात.

५. मिस्टर ब्रांडल यांनी विचारलं तर सांग की माल्ट १६५ च्या पाण्यात टाकून १५४ अंशांवर एक तास भिजवलं, हॉप्स कडूपणापुरत्याच घातल्या आणि कोको उकळीत न घालता नंतर गार बीअरमध्ये घातला. ब्रुअरीवाल्याच्या नातवाला एवढं पुरे.

६. मी साडेदहापर्यंत पोचेन. मागच्या दाराने येईन.

आई विचारत होती, कोलाच मऊ होते का.

लाईल


मिलवॉकी
२९ मार्च

मास्तर,

तू धोका लिहिला नाहीस म्हणून दुसऱ्याच दिवशी प्रत्येक बुधल्यात पंधरा-पंधरा थेंब टाकले. जादू आहे! काल एक उघडला तर फेस छताला लागला. खरंच, छतावर डाग आहे. म्हातारबा टाळ्या वाजवत होता. "ही जिवंत बीअर आहे," म्हणे. आणि लॉर्ना भरलेला ग्लास प्यायली, पोट एकदम शांत. गोडवा जरा बदललाय पण कुणाला कळतंय.

आता आठ उरलेत. तळघरात गेलं की झाकणांतून बारीक सूं ऐकू येतं. सैल करू की राहू देत? मला वाटतं फेस जाईल, म्हणून पक्कडीने आणखी आवळली आहेत. काय ते कळव.

आणि एप्रनचं माप दे. लॉर्नाची आई शिवतेय. तुझ्यावर 'कर्टिसची स्टाऊट' असं भरतकाम असणार आहे, छातीवर, मोठ्या अक्षरात. शुद्धलेखन तपासून घे हां!

कर्टिस

ता. क. लाईल, मी लॉर्ना. कर्टिस तिकीट शोधायला खाली गेलाय, तेवढ्यात घडीखालच्या कोऱ्या जागेत लिहितेय, वरचं वाचलेलं नाही. तुम्ही दिवसभर उभं राहून वाढणार हे मला पटलेलं नाही. मी पपांना सांगितलंय, जेवायला तुम्ही आमच्या टेबलावर बसायचं, माझ्या डाव्या हाताला. तुम्हाला लोकांचा संकोच वाटतो असं कर्टिस म्हणाला. मलाही वाटतो. आपण दोघं गप्प बसू. आईंनाही घेऊन या.


केवॉनी
बुधवार, ३१ मार्च १९९३
सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं, टपालपेटीजवळ उभा राहून

प्रिय कर्टिस,

एप्रन: छाती अडतीस, लांबी बत्तीस.

लाईल


मिलवॉकी
८ एप्रिल

लाईल,

दोनदा लिहून फाडलं. रविवारी चर्चमधून आल्यावर म्हातारबाचा भाऊ जेवायला आला होता. त्याला बीअर दाखवायची म्हणून लॉर्ना खाली गेली. मी जाणार होतो. ती म्हणाली, "तू बस, मी आणते." तिने बुधला छातीशी धरून उचलला आणि तो तिच्या हातातच फुटला. मग शेजारचे तीन, एकामागून एक. आम्हाला वाटलं बॉयलर उडाला.

उजवा डोळा गेला. गेला म्हणजे काढलाच, सोमवारी सकाळी. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, नस तुटली आहे. डॉक्टर म्हणतात बोटांचं नंतर बघू.

म्हातारबा दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तू केलीस ना ही?" मी हो म्हणालो. अजून काय म्हणणार होतो? "मग तुला माहीत असायला हवं होतं," एवढंच म्हणाला आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. माझं सामान दुकानामागच्या गोदामात आणून ठेवलंय. लॉर्ना भेटते, पण तोंड भिंतीकडे करते.

लाईल, तू ते थेंबांचं वाचलं होतंस ना? की पान सुटलं तुझ्याकडून? सुटलं असेल तर सुटलं, मी रागवत नाही. पण आता एक कर. म्हातारबाला पत्र लिही. लिही की तू चीज कारखान्यात काम करतोस, तुला त्यातलं कळतं, आणि थेंब टाकायचा सल्ला मी तुला विचारून घेतला होता. बीअर माझीच, फक्त थेंब तुझ्या सांगण्यावरून. तुझं तिथे काय जाणार आहे? तुला ते ओळखतसुद्धा नाहीत. माझं सगळं जाणार आहे, लॉर्ना, दुकान, सगळं.

ग्लेनला सांगून टाकतो. लग्न पुढे ढकललंय पण मोडलेलं नाही. माझ्या शेजारी तूच उभा राहा. अल्गोमाच्या धक्क्यावर ठरलं होतं ना आपलं? मी विसरलो नव्हतो रे. करडा सूट आहे, भाडं मी देतो.

लगेच लिही.

कर्टिस


केवॉनी
सोमवार, १२ एप्रिल १९९३
सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं, जेवणाच्या टेबलावर, आई उठलेली नाही

प्रिय कर्टिस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर नीट देतो.

माझ्याकडून पान सुटलं नव्हतं. ११ मार्चच्या पत्रात तुझे प्रश्न सात होते. मी सहाच आकडे घातले आणि सातव्याचं उत्तर सहाव्याच्या जागी लिहिलं, म्हणजे मोजताना तुला चुकल्यासारखं वाटू नये. तू मोजणार नाहीस हे माहीत होतं, तरी लिहिलं.

थेंबांचं मला माहीत होतं. यीस्टला दुधाची साखर खाता येत नाही, पण तिचे तुकडे झाले की खाता येते. गाळ म्हणजे यीस्ट, आणि ते जिवंत होतं. ते खायला लागलं की वायू होतो आणि घट्ट झाकलेल्या काचेत त्याला जायला वाट नसते. कारखान्यात हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी तुला लिहायला बसलो होतो. 'थेंब अजिबात टाकू नकोस, बुधले फुटतील' असं पूर्ण वाक्य लिहिलं होतं. मग तुझं पत्र पुन्हा उघडलं आणि ट्रक का सुरू ठेवला होतास ते वाचलं. तो कागद मी फाडला आणि दुसरा घेतला.

तू झाकणं सैल करू का विचारलंस तेव्हा दुसऱ्यांदा संधी होती. त्या पत्राच्या खाली लॉर्नाची चिठ्ठी होती. ती मी दोनदा वाचली. रात्रभर टेबलावर ठेवली होती. सकाळी एप्रनचं माप लिहिलं.

लॉर्नाच्या डोळ्याचं मला वाईट वाटतं. बुधले तू उचलशील असं मी धरलं होतं. तुझी कामं ती करते हे तू कधी लिहिलं नव्हतंस.

मिस्टर ब्रांडल यांना मी तू सांगतोस तसं पत्र लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. मी तुला थेंब टाकायला सांगितलं नाही. मी काहीच सांगितलं नाही. हे पत्र मात्र तू त्यांना दाखवू शकतोस. यात सगळं खरं आहे, तारखाही तपासल्या आहेत. दाखवलंस तर माझं काय व्हायचं ते होईल, मी पळून जाणार नाही. पण मग त्यांना हेही कळेल की बीअर तू केली नव्हतीस आणि त्यांच्या टेबलावर बसून तीन महिने त्यांच्या आज्याच्या नावाने शाबासकी घेत होतास. लॉर्नालाही कळेल. दाखवलं नाहीस तर तू आहेस तेवढाच राहशील, स्वतःच्या बीअरची माहिती नसलेला माणूस. कोणतं पत्करायचं ते तू ठरव.

सूट नको. तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं ते आता राहिलेलं नाही.

तू पाठवलेल्या चाळीस डॉलरांचा हिशोब द्यायचा राहिला होता:

माल्ट आणि भाजलेले सातू — १४.१५
दुधाची साखर, दोन पौंड — १.००
हॉप्स आणि यीस्ट — ५.२५
कोकोच्या बिया — ४.६०
व्हॅनिलाच्या शेंगा, सहा — ६.००
बर्बन, अर्धी बाटली — ४.३५
काचेचे बुधले, दहा — २.५०

एकूण खर्च ३७.८५. पाच पत्रांची तिकिटं माझी मी लावली आहेत.

उरलेले २.१५ डॉलर सोबत आहेत. दोन नोटा, आणि पंधरा सेंट पुठ्ठ्याला चिकटवून.

येणं काही नाही. देणं काही नाही.

लाईल स्टोडोला